एक शब्द, दोन हजार वर्षे : इम्मानुएलच्या भाकिताचा इतिहास

#थ्रेड

१/
इ.स.पू. ७३४ च्या सुमाराची गोष्ट. यहूदा नावाच्या लहानशा डोंगराळ राज्यावर दोन शेजारी राजांच्या फौजा चालून येत होत्या. यहूदाचा तरुण राजा आहाज यरुशलेमबाहेर, वरच्या तळ्याच्या पाटापाशी, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर असताना यशया नावाचा संदेष्टा आपल्या मुलासह त्याच्या भेटीस आला. त्या प्रसंगी यशयाने जे सांगितले, त्यातील एका शब्दाच्या अर्थावरून पुढे यहुदी आणि ख्रिस्ती पंडितांमध्ये दोन हजार वर्षे वाद चालला. विसाव्या शतकात त्या वादापायी बायबलचे एक पान जाहीरपणे जाळलेही गेले. त्या शब्दाचा हा इतिहास.

२/
प्रथम ‘संदेष्टा’ या संज्ञेविषयी. मूळ हिब्रू शब्द ‘नावी’. अरबीतून उर्दूत आणि मराठीत आलेला ‘नबी’ हा त्याचाच भाऊबंद. मराठी बायबलने त्यासाठी ‘भविष्यवेत्ता’ हा शब्द न योजता ‘संदेष्टा’ हा योजला, हे फार नेमके झाले. प्राचीन इस्राएलमधील नावी पंचांग उघडून पुढचे सांगणारा ज्योतिषी नव्हता. राजाने केलेला अन्याय, व्यापाऱ्यांची खोटी मापे, परकीय राजांशी केलेले तह यांवर तो देवाच्या नावाने बोलत असे. भविष्याविषयीचे त्याचे बोलणे बहुधा सशर्त असे : असेच वागाल तर असे घडेल, मागे फिराल तर टळेल.

३/
आता राजकारण. इ.स.पू. ७४५ मध्ये अश्शूरच्या गादीवर तिसरा तिग्लथ-पिलेसर आला आणि पश्चिमेकडील लहान राज्ये एकामागून एक त्याची मांडलिक होऊ लागली. दमास्कसचा अरामी राजा रसीन आणि उत्तरेकडील इस्राएलचा राजा पेकह यांनी त्याच्याविरुद्ध जूट केली. यहूदाला तीत ओढण्यासाठी त्यांनी आहाजला पदच्युत करून ताबेलच्या मुलाला गादीवर बसवण्याचा बेत आखला. प्रश्न एका राजाच्या जिवापुरता नव्हता. दाविदाचा वंश यरुशलेममध्ये अखंड राज्य करील, या श्रद्धेवर त्या राज्याची सारी धर्मकल्पना उभी होती. ती श्रद्धाच पणाला लागली होती.

४/
यशयाचा सल्ला राजकीयदृष्ट्या धाडसी होता : घाबरू नकोस, स्वस्थ राहा, हे दोन राजे म्हणजे विझत आलेली, नुसती धुमसणारी कोलिते आहेत. विश्वास बसत नसेल तर देवाकडे हवे ते चिन्ह माग, असेही त्याने सुचवले. आहाजने देवाची परीक्षा पाहणार नाही, असे सोवळे उत्तर दिले. हे उत्तर धार्मिक वाटते. पण कथेच्या ओघात ती टाळाटाळ आहे. आहाजचा कल अश्शूरच्या सम्राटाकडेच मदत मागण्याकडे होता.

५/
तेव्हा यशया म्हणाला की, चिन्ह मागितले नाही तरी मिळेलच. एक ‘अल्मा’ गर्भवती आहे, तिला पुत्र होईल आणि ती त्याचे नाव ‘इम्मानुएल’, म्हणजे ‘देव आमच्यासोबत’, असे ठेवील. त्या बाळाला बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच, ज्या दोन राजांची आहाजला धास्ती वाटते त्यांचा देश ओसाड पडेल. हा आशय यशयाच्या ग्रंथातील सातव्या अध्यायाच्या चौदाव्या वचनात आणि त्यापुढच्या दोन वचनांत आहे. त्यापुढे लगेच इशाराही आहे : मग अश्शूर येईल, आणि तो यहूदालाही सोडणार नाही.

६/
पुढे काय झाले? आहाजने मंदिरातील आणि राजवाड्यातील सोनेचांदी तिग्लथ-पिलेसरकडे पाठवून त्याचे मांडलिकत्व पत्करले. अश्शूरच्या एका शिलालेखात खंडणी देणाऱ्या राजांच्या यादीत यहूदाच्या या राजाचे नाव आहे. इ.स.पू. ७३२ मध्ये दमास्कस पडले, रसीन मारला गेला. पेकहचा होशेने काटा काढला. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोनही पडली. आणि इ.स.पू. ७०१ मध्ये, आहाजचा मुलगा हिज्कीया राज्य करीत असताना, अश्शूरच्या सन्हेरीबाने यहूदाची नगरे उद्ध्वस्त करून यरुशलेमलाही वेढा घातला.

७/
या मूळ संदर्भात इम्मानुएल हे बाळ एक प्रकारचे घटिकापात्र आहे. मूल जन्मेल, वाढेल, समजू लागेल. तेवढ्या अवधीत संकट सरेल. पुढच्याच अध्यायात यशया हीच पद्धत पुन्हा वापरतो. त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या मुलाचे नाव ‘महेर-शालाल-हाश-बज’, म्हणजे ‘लूट झपाट्याने, शिकार त्वरेने’ या अर्थाचे आहे. त्या मुलाला आई-बाबा म्हणता येण्यापूर्वी दमास्कस आणि शोमरोन यांची संपत्ती अश्शूरच्या राजाकडे जाईल, असे तेथे सांगितले आहे. पहिल्या मुलाचे नाव ‘शआर-याशूब’, म्हणजे ‘अवशेष परतेल’. यशयाची मुले म्हणजे चालती-बोलती भाकितेच होती.

८/
मग ही ‘अल्मा’ कोण? ग्रंथ ते सांगत नाही. हिब्रूत तिच्यामागे निश्चयवाचक उपपद आहे, म्हणजे ‘ती विशिष्ट तरुणी’ असा ध्वनी आहे; आहाजला कदाचित ती ठाऊक असावी. काहींच्या मते ती आहाजची राणी आणि बाळ म्हणजे भावी राजा हिज्कीया. काहींच्या मते ती यशयाचीच पत्नी. तिसरे मत असे की व्यक्ती महत्त्वाची नाही, काळाची मर्यादा महत्त्वाची. या तिन्ही मतांना आधार आहेत आणि तिन्हींत अडचणीही आहेत.

९/
‘अल्मा’ हा शब्द हिब्रू बायबलमध्ये मोजक्याच ठिकाणी येतो. विहिरीवर पाणी भरायला आलेली रिबका, टोपलीतल्या मोशेवर लक्ष ठेवणारी त्याची बहीण यांना तो लावला आहे. त्याचे पुल्लिंगी रूप ‘एलेम’, म्हणजे तरुण मुलगा. शब्दाचा रोख वयावर आहे : वयात आलेली, अद्याप अपत्यवती न झालेली मुलगी. त्या समाजात अशी मुलगी सहसा अविवाहित आणि अक्षत असे. परंतु हे गृहीत समाजरीतीचे आहे, शब्दार्थाचे नव्हे.

१०/
कौमार्य सांगायचे तर हिब्रूत ‘बेतुला’ हा शब्द अधिक रूढ आहे. तोही पूर्ण काटेकोर नाही : योएल संदेष्ट्याच्या ग्रंथात एक बेतुला आपल्या तारुण्यातील पतीसाठी शोक करते. मराठी वाचकाला ही संदिग्धता परकी वाटू नये. ‘कुमारी’ म्हणजे लहान मुलगी, अविवाहित मुलगी की अक्षतयोनी? आणि ‘पंचकन्यां’त गणलेल्या अहल्या, तारा, मंदोदरी तर विवाहिताच आहेत. वय, विवाह आणि कौमार्य या तीन गोष्टी एकाच शब्दात मिसळणे, हे अनेक जुन्या भाषांचे लक्षण आहे.

११/
इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या फौजांनी यरुशलेम आणि मंदिर जाळले. दाविदाच्या वंशाचे राज्य संपले ते पुन्हा उभे राहिले नाही. पण ग्रंथांतील वचने शिल्लक होती. राजा नाही आणि राजाविषयीची वचने मात्र आहेत, या विसंगतीतून पुढे येणाऱ्या अभिषिक्ताची आशा वाढली. हिब्रूत अभिषिक्त म्हणजे ‘माशियाह’, ग्रीकमध्ये ‘ख्रिस्तोस’. जुने वचन आपल्या काळासाठी पुन्हा वाचण्याची गरज येथूनच निर्माण झाली.

१२/
दरम्यान यहुदी लोक भूमध्य समुद्राभोवती पसरले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियात ग्रीक बोलणारा मोठा यहुदी समाज होता. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून तेथे हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. ७२ वडीलधाऱ्यांनी ते टॉलेमी राजासाठी केले, अशी आख्यायिका. म्हणून त्याचे नाव ‘सेप्टुआजिंट’, म्हणजे ‘सत्तर’. यशयाच्या ग्रंथाचे भाषांतर बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकातले. त्या अनामिक यहुदी भाषांतरकाराने या ठिकाणी ‘अल्मा’साठी शब्द योजला ‘पार्थेनोस’. ग्रीकमध्ये त्याचा नेहमीचा अर्थ कुमारिका.

१३/
हे भाषांतर ख्रिस्ती धर्माच्या जन्मापूर्वीचे आहे, हे ध्यानात ठेवावे. म्हणजे त्यात ख्रिस्ती हेतू असणे शक्य नाही. तसेच, चमत्काराने होणारा जन्म भाषांतरकाराच्या मनात होता, याचाही पुरावा नाही. ग्रीक वाक्य भविष्यकाळी आहे. आज कुमारी असलेली मुलगी पुढे लग्न होऊन गर्भवती होईल, असा साधा अर्थ त्यातून निघतो. शिवाय याच सेप्टुआजिंटमध्ये, उत्पत्तीच्या ग्रंथात, बलात्कार झालेल्या दीनालाही ‘पार्थेनोस’ म्हटले आहे. म्हणजे ग्रीक शब्दही वाटतो तितका बंदिस्त नव्हता.

१४/
येशूच्या काळाच्या आसपास यहुदी लोक भाकिते कशी वाचत? मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुंडाळ्यांत याचे उत्तम उदाहरण आहे. हबक्कूक संदेष्टा बाबेलच्या खास्दी फौजांविषयी बोलतो. कुमरानचा भाष्यकार सांगतो की ते ‘कित्ती’ आहेत, आणि त्याचा रोख रोमनांकडे आहे. संदेष्ट्याला आपल्याच शब्दांचा पूर्ण अर्थ कळला नव्हता, तो आता आमच्या गुरूला उकलला आहे, अशी त्याची धारणा आहे. या भाष्यपद्धतीला ‘पेशेर’ म्हणतात. जुने वचन आपल्या काळात पुरे होते, हा विचार ख्रिस्ती लोकांनी बाहेरून आणलेला नाही. तो यहुदी परंपरेतच वाढला.

१५/
मत्तयाचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ.स. ८० ते ९० च्या सुमाराचे मानतात. ते ग्रीकमध्ये आहे. पण त्याचा लेखक हिब्रू ग्रंथांत मुरलेला आहे. पहिल्याच अध्यायात मरीया पवित्र आत्म्याच्या योगे गर्भवती झाल्याचे तो सांगतो आणि लगेच म्हणतो की संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून हे घडले. मग यशयाचे वचन येते, ग्रीक रूपात, ‘पार्थेनोस’ या शब्दासह. मात्र ‘ती नाव ठेवील’ याऐवजी मत्तय ‘ते नाव ठेवतील’ असे लिहितो. बाळाचे प्रत्यक्ष नाव तर येशू आहे. इम्मानुएल हे त्याच्या अनुयायांनी ओळखलेले त्याचे स्वरूप ठरते.

१६/
येथे एक लोकप्रिय समज तपासला पाहिजे. ‘चुकीच्या भाषांतरातून कुमारीजन्माची कल्पना निघाली’ असे विधान वारंवार केले जाते. ते इतके सरळ नाही. लूकच्या शुभवर्तमानातही मरीया कुमारी असताना गर्भवती होते. पण लूक यशयाचे हे वचन उद्धृत करीत नाही. दोघांच्या जन्मकथांचे तपशील इतके वेगळे आहेत की, ही श्रद्धा दोघांनाही आधीच्या परंपरेतून मिळाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मग मत्तयाने त्या श्रद्धेला साजेसे वचन शोधले, असे म्हणावे लागते. दुसरीकडे पौल आणि मार्क हे त्याहून जुने लेखक कुमारीजन्माचा उल्लेखच करीत नाहीत, हेही तितकेच खरे.

१७/
‘पूर्ण होणे’ म्हणजे मत्तयाच्या मते काय? पुढच्याच अध्यायात त्याचे उत्तर आहे. येशूचे कुटुंब इजिप्तला पळून जाते आणि परत येते, तेव्हा मत्तय होशेयाचे वचन सांगतो : देवाने आपल्या पुत्राला इजिप्तमधून बोलावले. पण होशेयाच्या ग्रंथात हे भविष्य नाहीच. तो इस्राएल लोकांच्या भूतकाळाची, मोशेच्या काळातील सुटकेची आठवण आहे. मत्तयाला हे ठाऊक नसेल, असे मानणे कठीण. इस्राएलच्या जीवनात जे घडले ते येशूच्या जीवनात पुन्हा, अधिक भरून आले, असे तो सुचवतो. त्याचे ग्रीक क्रियापदही मुळात ‘भरणे’ याच अर्थाचे आहे.

१८/
म्हणून ‘भाकीत आणि पडताळा’ हे आजच्या परीक्षेतील प्रश्नोत्तरासारखे नाते मत्तयाला लावणे अपुरे आहे. परंतु दुसऱ्या शतकापर्यंत परिस्थिती पालटली. मंदिर इ.स. ७० मध्ये रोमनांनी जाळले होते. ख्रिस्ती मंडळीत आता बहुसंख्य लोक यहुदी नव्हते. त्यांचे शास्त्र म्हणजे ग्रीक सेप्टुआजिंट. एकाच घरातला अर्थभेद आता दोन धर्मांमधला वाद झाला.

१९/
या वादाचे सर्वांत जुने सविस्तर चित्र जस्टिन मार्टिर याच्या ‘ट्रायफोशी संवाद’ या ग्रंथात मिळते. तो इ.स. १६० च्या सुमाराचा. ट्रायफो हा यहुदी पंडित म्हणतो की शब्द ‘तरुणी’ असा आहे, आणि वचन हिज्कीयाविषयी आहे. डॅनाईच्या पोटी पर्सियस जन्मल्याच्या ग्रीक दंतकथांसारखे काही तुम्ही सांगता, असा टोमणाही तो मारतो. जस्टिनचे उत्तर : तरुणीला नेहमीच्या रीतीने मूल होणार असेल तर त्यात चिन्ह ते काय? ग्रंथ एका ख्रिस्ती लेखकाचा आहे, तेव्हा शेवटचा शब्द जस्टिनचाच असणार. तरी ट्रायफोचे आक्षेप त्यात टिकून राहिले, हे महत्त्वाचे.

२०/
दोन्ही बाजूंच्या अडचणी पाहाव्यात. जस्टिनचा प्रश्न वजनदार आहे. परंतु हिब्रूत चिन्हासाठीचा ‘ओत’ हा शब्द चमत्कारापुरता मर्यादित नाही. शब्बाथ हेही ओत आहे, आणि यशयाचे तीन वर्षे उघडे-अनवाणी फिरणे हेही ओत आहे. उलट, हिज्कीयाचा पक्षही सोपा नाही. राजांच्या ग्रंथानुसार आहाजने १६ वर्षे राज्य केले आणि त्यानंतर हिज्कीया २५ व्या वर्षी गादीवर आला. म्हणजे आहाज राजा झाला तेव्हाच हिज्कीया नऊ वर्षांचा होता. आधीच जन्मलेल्या मुलाचे भाकीत कसे होईल?

२१/
ख्रिस्ती लोक सेप्टुआजिंट वापरतात हे पाहून यहुदी समाजात नवी ग्रीक भाषांतरे पुढे आली. दुसऱ्या शतकातील अक्विलाने ‘पार्थेनोस’ काढून ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, हा शब्द घातला. इकडे जस्टिनने यहुद्यांवर शास्त्रात फेरफार केल्याचा आरोप केला. तिसऱ्या शतकात ओरिजेन याने यावर वेगळाच उपाय केला : हिब्रू मूळ, त्याचे ग्रीक लिप्यंतर आणि चार ग्रीक भाषांतरे शेजारी-शेजारी मांडणारा सहा स्तंभांचा ‘हेक्साप्ला’ त्याने सिद्ध केला. वाद मिटला नाही. पण पाठ समोर ठेवून वाद घालण्याची शिस्त आली.

२२/
चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम बेथलेहेममध्ये राहून थेट हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करीत होता. हिब्रू तो यहुदी शिक्षकांकडून शिकला. यशयाच्या वचनात ‘बेतुला’ नाही, हे तो मान्य करतो. परंतु ‘अल्मा’ शब्दाचा संबंध तो ‘लपवणे’ या धातूशी जोडतो आणि दृष्टिआड जपलेली कुमारी असा अर्थ काढून ‘विर्गो’ हा लॅटिन शब्द कायम ठेवतो. आजचे भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती सहसा स्वीकारीत नाही. तथापि पश्चिम युरोपने पुढे हजार वर्षे यशयाला जेरोमच्याच शब्दांत वाचले.

२३/
अकराव्या शतकातील फ्रान्समधील यहुदी भाष्यकार राशी याने इम्मानुएल म्हणजे यशयाचाच पुत्र, असा अर्थ लावला. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील अँड्र्यू या ख्रिस्ती साधूने यहुदी अर्थ आपल्या भाष्यात जसाच्या तसा मांडला. त्यावर त्याच मठातील रिचर्ड इतका अस्वस्थ झाला की त्याने ‘इम्मानुएलविषयी’ नावाचा खंडनग्रंथ लिहिला. त्याची भीती अशी : आपल्याच माणसाने शत्रूचा युक्तिवाद इतक्या चोखपणे मांडला तर दुबळ्या मनाचे काय होईल?

२४/
पण या वादात दोन्ही पक्षांचे बळ सारखे नव्हते, हे विसरता येत नाही. इ.स. १२४० मध्ये पॅरिसमध्ये ताल्मूदवर जणू खटला चालला आणि १२४२ मध्ये हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या जाळल्या गेल्या. १२६३ मध्ये बार्सेलोनात राजासमोर झालेल्या वादात नाखमानिदेसला मसीहाविषयीच्या वचनांवर उत्तरे द्यावी लागली. पुढे त्याला देश सोडावा लागला. स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलवर यहुदी धर्माची मूर्ती डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या स्त्रीची आहे. ‘स्वतःचेच शास्त्र ज्यांना दिसत नाही ते आंधळे’ हा आरोप दगडात कोरला गेला, आणि त्याची किंमत जिवंत माणसांनी मोजली.

२५/
अठराव्या शतकात चित्र बदलू लागले. १७२४ मध्ये इंग्रज लेखक अँथनी कॉलिन्स याने प्रतिपादन केले की यशयाच्या वचनाचा सरळ अर्थ आहाजच्याच काळाशी बांधलेला आहे. ख्रिस्ती अर्थ रूपकात्मकच म्हणावा लागेल. त्यावर उत्तरांचा पाऊस पडला. पुढे एकोणिसाव्या शतकात ऐतिहासिक चिकित्सा विद्यापीठांत स्थिरावली आणि प्रत्येक वचन प्रथम त्याच्या काळात ठेवून वाचणे ही अभ्यासाची पहिली पायरी ठरली.

२६/
१९४७ च्या सुमारास कुमरानच्या गुहेत यशयाची संपूर्ण गुंडाळी सापडली. लांबी सुमारे ७.३ मीटर, स्तंभ ५४, काळ सर्वसाधारणपणे इ.स.पू. दुसरे शतक. म्हणजे येशूच्या शंभरएक वर्षे आधीची. तीत या वचनात शब्द कोणता? ‘अल्मा’च. हिब्रू पाठ यहुद्यांनी ख्रिस्ती अर्थ टाळण्यासाठी बदलला, हा संशय या शब्दापुरता तरी येथे निकालात निघाला. त्याच वेळी ‘नाव ठेवील’ हे क्रियापद तीत थोड्या निराळ्या रूपात आहे : ‘ती’ ऐवजी ‘तो’ किंवा ‘कोणीतरी’. मत्तयासमोरही एखादा निराळा पाठ असू शकेल, हे त्यावरून दिसते.

२७/
१९५२ मध्ये अमेरिकेत ‘रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन’ हे नवे इंग्रजी बायबल आले. त्यात यशयाच्या वचनात ‘तरुणी’ हा शब्द होता. मत्तयात ‘कुमारी’ तसाच होता. तरीही क्षोभ उसळला आणि नॉर्थ कॅरोलायनातील एका धर्मोपदेशकाने ते पान लोकांसमोर जाळले. भाषांतरकारांनी दोन ग्रंथांना आपापले शब्द परत दिले होते. हे इमानदार भाषांतर अनेकांना श्रद्धेवरचा घाव वाटले. कारण दोन्ही पानांवर एकच शब्द नसेल तर साखळी तुटते, असे त्यांना शिकवले गेले होते.

२८/
या कथेचा मराठीशीही संबंध आहे. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’चे दोन भाग आहेत : पहिला जुन्या कराराचा, दुसरा नव्या कराराचा. ओवीच्या परिचित चालीत जुने वचन आणि त्याची पूर्तता ही रचनाच तेथे उभी आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची वर्षे घालवून हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबल मराठीत आणले. आणि कोकणातील बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी हीच वचने ख्रिस्ती अर्थाशिवाय जपत आले. एकाच मराठीत दोन्ही वाचने शेजारी-शेजारी नांदली.

२९/
२००१ मध्ये कॅथलिक चर्चच्या बायबल आयोगाने एक महत्त्वाचे निवेदन प्रसिद्ध केले. हिब्रू शास्त्राचे यहुदी वाचन हे एक शक्य वाचन आहे, असे त्याने मान्य केले. ख्रिस्ती वाचक येशूपासून मागे वळून पाहतो, म्हणून त्याला त्या वचनांत नवा अर्थ दिसतो. तो अर्थ न दिसणारा मनुष्य आंधळा ठरत नाही, हा त्यामागील विचार. स्ट्रासबर्गच्या त्या पट्टी बांधलेल्या मूर्तीशेजारी हे निवेदन ठेवून पाहिले म्हणजे अंतर किती कापले गेले ते कळते.

३०/
इतिहासाच्या अभ्यासकाने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. वेढ्याच्या भीतीने ग्रासलेल्या आहाजला त्या शब्दांतून काय ऐकू आले? आणि आठशे वर्षांनंतर मत्तयाला त्याच शब्दांत काय दिसले? पहिल्याचे उत्तर इ.स.पू. आठव्या शतकाच्या राजकारणात आहे, दुसऱ्याचे पहिल्या शतकातील श्रद्धेत. इम्मानुएल खरोखर येशूच होय का, हा तिसरा प्रश्न श्रद्धेचा. त्याचा निकाल गुंडाळी किंवा शिलालेख देऊ शकत नाही. मात्र तिसऱ्याच्या भरात पहिले दोन पुसले गेले, तेव्हा तेव्हा ग्रंथ जळले आणि माणसे देशोधडीला लागली, ही नोंद इतिहासाकडे आहे.

३१/
ज्यांना स्वतः पडताळून पाहायचे असेल त्यांनी यशयाचे अध्याय ७ व ८ आणि मत्तयाचे अध्याय १ व २ एका बैठकीत, याच क्रमाने वाचावेत. चौदावे वचन एकटे न वाचता पंधरावे आणि सोळावेही वाचावे. बाकीचा बराचसा वाद त्या दोन वचनांत आपोआप उलगडतो. (समाप्त)